आता कंपनीचा अभ्यास आपण करू



तेंदूचा हंगाम चालू आहे. पुडे बांधता बांधता पत्रक वाचायला कोणाला वेळ नाही, हे आम्हालाही कळतं. पण हा विषय पावसाळ्यानंतर घेऊ असं म्हणून भागणार नाही. आपल्या इलाक्यातल्या काही गावांत कार्बनचा कागद घेऊन माणसं फिरताहेत आणि मृग लागायच्या आत सही द्या, असं सांगताहेत. इतकी घाई कशाची, हे विचारलं तर नीट उत्तर मिळत नाही.

कागदात काय आहे ते थोडक्यात सांगतो. गावाने आपलं सामूहिक वनहक्काचं जंगल तीसचाळीस वर्षं राखायचं. त्या झाडांत आणि मातीत जो कार्बन साठेल तो मोजून त्याची 'क्रेडिट' बनणार. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. ती क्रेडिट दूरची एखादी कंपनी विकत घेणार आणि जगाला सांगणार, की आम्ही एवढा धूर सोडला खरा, पण तेवढाच जंगलात जिरवला, हिशेब बरोबर. पैशातला काही वाटा गावाला. काही म्हणजे किती, ते खर्च वजा जाता ठरणार. खर्च किती, हे कागद आणणाराच ठरवणार.

एका बैठकीत एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, "झाड आमचं, हवा सगळ्यांची. मंग तो इकते काय?" सगळे हसले. पण कागद आणणाऱ्याला त्याचं उत्तर देता आलं नाही, आणि आमच्या मते सगळ्या प्रकरणाची मेख तिथेच आहे. कंपनी विकत घेते ती हवा नव्हे, झाडही नव्हे. ती धूर सोडत राहायची मोकळीक विकत घेते.

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. कंपनी या हवामानाच्या संकटाला काय उत्तर देते, कधी देते आणि का देते, याचा अभ्यास केल्याशिवाय कोणत्याही ग्रामसभेने सही करू नये. आणि हा अभ्यास आपला आपणच करायचा. आजवर अभ्यास नेहमी आपला झाला. कॉलेजची पोरं आली, संस्थेची माणसं आली, फॉरेस्टवाले आले. घरात बकऱ्या किती, सरपणाच्या मोळ्या किती, मोहफूल किती पायली, सगळं लिहून नेलं. आपण किती जंगल 'वापरतो' याचे जाडे अहवाल निघाले. कंपनीच्या घरात जाऊन तुमच्या चुलीला रोज किती कोळसा लागतो, हे विचारायला मात्र आपल्यापैकी कोणी गेलं नाही.

आधी जरा मागचं पाहू. कंपन्यांना हे संकट काल कळलं असं नाही. अमेरिकेच्या एक्सॉन या तेल कंपनीच्या पगारी शास्त्रज्ञांनी 1970 नंतरच्या दशकातच हिशेब मांडून ठेवला होता, की तेल-कोळसा जाळत राहिलो तर पृथ्वी किती तापेल. 2023 साली दुसऱ्या शास्त्रज्ञांनी ते जुने आकडे तपासले, तेव्हा ते बहुतेक बरोबर निघाले. घरात हे माहीत असताना बाहेर कंपनी काय बोलत होती? अजून नक्की काही सांगता येत नाही. 1989 साली तेल, कोळसा, मोटारी यांच्या कंपन्यांनी मिळून एक मंच काढला. नाव ठेवलं 'जागतिक हवामान युती'. काम एकच, धूर कमी करायचा कायदा होऊ द्यायचा नाही. 2002 ला तो मंच बंद झाला, तोवर बारातेरा वर्षं हातची गेली होती.

हा पहिला डाव, नाकारण्याचा. तो चालेनासा झाल्यावर भाषा बदलली. इंग्लंडच्या बीपी कंपनीने 2000 च्या सुमारास आपलं बोधचिन्ह हिरवं-पिवळं फुलासारखं केलं आणि 'तेलाच्या पलीकडे' अशी जाहिरात केली. मग लोकांना सांगायला सुरुवात केली, की तुमच्या घराचा, तुमच्या प्रवासाचा धूर तुम्ही मोजा. म्हणजे तेल विकणारा बाजूला, आणि जळतं ते तेल तुमच्या खात्यावर. याच बीपीने 2020 मध्ये जाहीर केलं, की 2030 पर्यंत तेल-वायूचं उत्पादन 40 टक्के कमी करू. 2023 मध्ये ते 25 टक्क्यांवर आणलं. 2025 मध्ये तेही सोडून दिलं आणि तेल-वायूवरचा खर्च वाढवला. शेअरवाल्यांना नफा कमी दिसत होता, म्हणून. सही केलेला गाव चाळीस वर्षं बांधला जाणार आणि कंपनीचा शब्द पाच वर्षं टिकत नाही, ही गोष्ट आपण गाठीला बांधून ठेवायला हवी.

सगळ्याच कंपन्या लबाड, असं आम्ही म्हणत नाही. काही कारखान्यांनी भट्ट्या सुधारल्या, कोळसा कमी लागेल असं केलं, सिमेंटमध्ये राख मिसळून भाजलेला चुना कमी केला. ते खरं काम आहे. पण ते महाग पडतं, वेळ लागतो. त्याच्यापेक्षा दुसऱ्याचं जंगल आपल्या वहीत दाखवणं स्वस्त. बाजार स्वस्ताकडे जातो, यात नवल काही नाही.

दुसऱ्याचं जंगल वहीत दाखवायची ही युक्ती जुनी आहे. 1988 च्या सुमारास अमेरिकेतली एईएस नावाची वीज कंपनी तिकडे कनेक्टिकट राज्यात कोळशाचं वीजकेंद्र उभारत होती. त्याच्या धुराच्या बदल्यात तिने झाडं लावायला पैसे दिले, पण ती झाडं कुठं? हजारो किलोमीटर दूर, ग्वाटेमाला या गरीब देशात, आदिवासी आणि छोट्या शेतकऱ्यांच्या डोंगरांवर. 40 हजार शेतकरी कुटुंबांनी 5 कोटी 20 लाख झाडं लावायची, अशी ती योजना. दहा वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा ठरवलेल्या मानाने कार्बन फारच कमी साठला होता. वीजकेंद्राचा कोळसा मात्र ठरल्याप्रमाणे जळत राहिला. झाड जगलं नाही तर धूर परत गोळा करता येत नाही, हा साधा मुद्दा तेव्हापासून आजवर कोणी सोडवलेला नाही.

आता जी गोष्ट आम्हाला सगळ्यात जास्त खुपते, तिच्याकडे येतो. ती जरा सावकाश वाचा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना गोटुलात बसून वाचून दाखवा.

राखलेल्या जंगलाचं क्रेडिट बनतं कसं? जंगल उभं आहे म्हणून बनत नाही. 'कंपनीचा पैसा आला नसता तर हे जंगल तुटलं असतं' असं लिहिलं, तरच बनतं. न तुटलेलं जंगल वजा तुटलं असतं ते जंगल, बरोबर क्रेडिट. म्हणजे धोका जितका मोठा दाखवाल, तितकी क्रेडिट जास्त. जगभर याच ठिकाणी गफला झाला. झिंबाब्वेत करिबा नावाचा मोठा जंगल-प्रकल्प होता. मोठमोठ्या परदेशी कंपन्यांनी त्याची क्रेडिट घेतली. जंगल तुटण्याचा जो अंदाज सुरुवातीला धरला होता, तो प्रत्यक्षापेक्षा फार फुगलेला निघाला. क्रेडिट विकणाऱ्या साउथ पोल या स्वित्झर्लंडच्या कंपनीने 2023 च्या ऑक्टोबरात त्यातून अंग काढून घेतलं. त्याच वर्षाच्या जानेवारीत इंग्लंड आणि जर्मनीच्या पत्रकारांनी व्हेरा या सर्वात मोठ्या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या पावसाळी जंगलांच्या क्रेडिटची छाननी छापली. तपासलेल्यांपैकी 90 टक्क्यांहून जास्त क्रेडिटमागे खरी बचत नसावी, असा त्यांचा निष्कर्ष. व्हेराने तो मानला नाही, हेही सांगायला हवं. पण त्यानंतर या बाजारातल्या किमती पडल्या, हे सगळ्यांनी पाहिलं.

ते त्यांचं ते बघतील. आपला प्रश्न वेगळा आहे. तो कागद आपल्या गावाचा असेल, तेव्हा 'जंगल तुटलं असतं' म्हणजे कोणी तोडलं असतं? कागदात लिहिणार, गावाने. सरपण, चराई, शेती, आग. आम्ही अशा कागदाची एक प्रत पाहिली आहे. इंग्रजीत, जाड, आणि 'जंगलाला धोका' या मथळ्याखाली पहिलं नाव गावकऱ्यांचं.

आता आठवा, वनहक्काच्या दाव्यात आपण काय लिहून दिलं आहे. पिढ्यानपिढ्या हे जंगल आम्ही राखलं, वापरलं, देवराई ठेवली, म्हणून ते आमचं. 2006 चा कायदा स्वतःच मान्य करतो, की या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला आणि जंगल टिकवण्यात त्यांचा वाटा आहे. 2009 साली मेंढा (लेखा) आणि मर्दा या आपल्याच जिल्ह्यातल्या गावांना देशात पहिल्यांदा सामूहिक हक्क मिळाले. मेंढ्याला सुमारे 1800 हेक्टर. ते कशावर मिळाले? जंगल राखून दाखवलं त्यावर. एका हाताने 'आम्ही राखलं' म्हणून दावा, आणि दुसऱ्या हाताने 'आम्ही तोडणार होतो' अशा कागदावर सही. हे दोन कागद उद्या एकाच कोर्टात एकत्र ठेवले तर?

कोर्टाची भीती आम्ही उगाच दाखवत नाही. 13 फेब्रुवारी 2019 ला सुप्रीम कोर्टाने दावे नामंजूर झालेल्यांना जंगलातून काढायचा आदेश दिला होता. देशभर आरडाओरडा झाला, तेव्हा 28 फेब्रुवारीला तो थांबवला. ज्यांनी ती केस टाकली होती त्यांचं म्हणणं हेच, की लोकांमुळे जंगल नासतं. त्यांच्या वकिलाला आपल्याच ग्रामसभेच्या शिक्क्याचा पुरावा आपण आयता द्यायचा का? दीडदोन लाखांच्या पहिल्या हप्त्यासाठी?

शिवाय ज्या गावाने खरंच नीट राखलं आहे, त्याच्या जंगलाला 'धोका' कमी, म्हणून क्रेडिट कमी. ज्याने उजाड केलं त्याला जास्त. असला उलटा न्याय आपल्या कोणत्याच पंचाने कधी केला नसता.

पैसे मिळाल्यावर जंगलावर कोणाचा शब्द चालतो, हे बघायचं तर केनियाला बघा. उत्तर केनियात बोराना, सांबुरू, रेंडिले हे गुरं चारणारे लोक राहतात. त्यांच्या सुमारे 19 लाख हेक्टर चराऊ रानावर मातीतल्या कार्बनचा प्रकल्प आला. गुरं ठरवलेल्या रीतीने फिरवून चारली, तर मातीत कार्बन वाढेल, असं गणित. क्रेडिट मेटा, नेटफ्लिक्स अशा बड्या कंपन्यांनी घेतली. पण दुष्काळात गुरं कुठं न्यायची, हे तिथले वडीलधारे पिढ्यानपिढ्या ठरवत आले होते, ते आता बाहेरून आखायची पाळी आली. लोक कोर्टात गेले. 2025 च्या जानेवारीत इसिओलोच्या कोर्टाने निकाल दिला, की त्यातली दोन संरक्षित क्षेत्रं लोकांना न विचारता उभी केली, म्हणून ती बेकायदा. निकाल लागला, पण त्यात वर्षं गेली. आपल्याकडे निस्तार, चराई, मोहाखालचा पाचोळा पेटवणं, बांबूचा कूप काढणं, हे सगळं कराराच्या कोणत्या कलमात 'कार्बनचं नुकसान' ठरेल, याचा विचार आत्ताच केला पाहिजे.

सरकारचीही यात भर आहेच. 2016 च्या कायद्याने भरपाईच्या झाडांचा निधी झाला आणि 2019 मध्ये राज्यांना 47 हजार कोटींहून जास्त रक्कम वाटली गेली. तो पैसा खाणीने, धरणाने तोडलेल्या जंगलाचा. रोपं मात्र कितीतरी ठिकाणी आपल्या दाव्यातल्या जमिनीवर लागली. सागवानाच्या रांगा आपल्याला नव्या नाहीत. 1974 ला वनविकास महामंडळ आलं, तेव्हापासून मिश्र जंगल काढून सागवान लावणं आपण पाहतो आहोत. आता 'हरित क्रेडिट'. 2023 च्या ऑक्टोबरात नियम आले, 2024 च्या फेब्रुवारीत रीत ठरली: 'खराब' वनजमिनीवर, म्हणजे विरळ जंगल, झुडपी, पडीक, अशा ठिकाणी हेक्टरी किमान 1100 झाडं, झाडाला एक क्रेडिट. पुढे 2025 मध्ये झाड पाच वर्षं जगल्यावरच क्रेडिट असा बदल केला. सुधारणा बरी, पण झुडपी ही खराब जमीन कोणाच्या नजरेत? आपली गुरं, चारोळी, तेंदूची कोवळी पानं सगळी तिथलीच. तेंदू तर दाट सावलीत नीट येतच नाही.

आणि त्याच काळात 2022 च्या वनसंवर्धन नियमांनी उलटी गोष्ट केली. 2009 पासून जंगल खाणीला देण्याआधी केंद्राला ग्रामसभेची संमती बघावी लागत होती. ती अट मंजुरीनंतर राज्याने बघायची अशी मागे ढकलली. म्हणजे जंगल राखायला ग्रामसभेची सही हवी, आणि जंगल द्यायला मात्र ती घाई नाही.

शेजारी चंद्रपूरला 2920 मेगावॅटचं कोळशाचं केंद्र आहे. 2024-25 मध्ये देशाने 100 कोटी टनांहून जास्त कोळसा खणला. त्या कोळशाच्या थरांना शास्त्रज्ञ जगभर 'गोंडवाना' म्हणतात, आपल्याच मुलखाच्या नावावरून. कोट्यवधी वर्षांपूर्वीचं जंगल दाबून तो झाला. तो एका दिवसात जाळायचा आणि आजच्या मोहाला, येनाला म्हणायचं की तू चाळीस वर्षांत भरून काढ. नाव गोंडांचं, कोळसा कंपनीचा, आणि भरपाई पुन्हा गोंडांनी.

बरं, अभ्यास करायचा म्हणजे काय? त्याला मोठी पदवी लागत नाही. आपली बारावी, बीए झालेली पोरं-पोरी आहेत, मोबाइल आहे. बाजारात नाव असलेल्या देशातल्या पहिल्या हजार कंपन्यांना 2022-23 पासून दरवर्षी 'जबाबदारीचा अहवाल' द्यावा लागतो. सेबीचा नियम आहे. तो कंपनीच्या वार्षिक अहवालासोबत असतो, कोणालाही उघडता येतो. त्यातलं सहावं तत्त्व पर्यावरणाचं. तिथे कंपनी स्वतः लिहिते, की आमच्या भट्टीतून किती धूर, विकत घेतलेल्या विजेचा किती.

वाचताना दोन चलाख्या ओळखायच्या. एक, 'उत्पादनामागे धूर कमी केला' असं लिहिलेलं असतं. समजा एकाकडे चार बैल, प्रत्येकाला दहा पेंढ्या, एकूण चाळीस. तो म्हणाला मी बैलामागे चारा कमी केला, आता आठच पेंढ्या. पण बैल केले दहा. पेंढ्या झाल्या ऐंशी. कंपनी 'बैलामागे'चा आकडा मोठ्या अक्षरात छापते. आपण एकूण पेंढ्या बघायच्या, गेल्या वर्षीच्या आणि या वर्षीच्या. दुसरी चलाखी, कोळसा खणणारा फक्त खणायच्या यंत्रांचं डिझेल मोजतो. तो कोळसा पुढे जळला तो धूर त्याच्या वहीत येत नाही, कारण तिसऱ्या प्रकारचा म्हणजे गिऱ्हाइकाकडचा धूर सांगणं या अहवालात ऐच्छिक आहे.

मग हेच नाव 'परिवेश' नावाच्या सरकारी संकेतस्थळावर शोधायचं. जंगलाची जमीन मागणारे अर्ज तिथे असतात. जी कंपनी आपल्या गावाकडून जंगल राखायची सही मागते, तिने किंवा तिच्या भाऊबंद कंपनीने दुसऱ्या गावाचं जंगल तोडायला मागितलं आहे का, हे एका संध्याकाळी कळतं. आणि कागद आणणारा एजंट खरेदीदाराचं नाव सांगायला तयारच नसेल, तर तो अभ्यास तिथेच पुरा झाला समजा.

कायद्याचीही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. वनहक्क कायद्याच्या चौथ्या कलमात लिहिलं आहे, की हे हक्क वारशाने जातात, पण विकता येत नाहीत, दुसऱ्याच्या नावे करता येत नाहीत. कार्बनचं नाव त्या कायद्यात कुठेच नाही. म्हणून 'कायद्याने चालतं' असं जो छातीठोक सांगतो, त्याला कलम दाखवायला लावा. आणि ठराव घ्यायचाच झाला तर पूर्ण ग्रामसभेत: निम्मे लोक हजर, त्यातल्या किमान एकतृतीयांश बाया. अध्यक्ष-सचिवाच्या दोन सह्या घरात बसून झाल्या, तर आम्ही त्याला ठराव म्हणणार नाही.

आपल्यातही यावर दोन मतं आहेत. काही साथी म्हणतात, पैसा आला तर पोरं शहरात मजुरीला जाणार नाहीत, वनसंरक्षणाच्या गस्तीला मजुरी देता येईल. हे म्हणणं हसून उडवण्यासारखं नाही. ज्या गावाने सगळं समजून घेऊन वेगळा निर्णय घेतला, त्याला आम्ही गद्दार म्हणणार नाही. पण आपण तेंदू ठेकेदाराच्या हातातून काढून ग्रामसभांच्या हातात आणला, तो एकेकट्याने नव्हे. महाग्रामसभेत गावं एकत्र बसली, भाव एकत्र ठरवला, बुडवणारा ठेकेदार सगळ्यांनी मिळून बाद केला. कार्बनवाला मात्र एकेका गावात वेगळा जातो आणि शेजारच्या गावाने सही दिली असं सांगतो. शेजारच्या गावात जाऊन विचारलं की कळतं, त्याने तिथेही तेच सांगितलेलं असतं.

ज्या गावांत हा कागद आला आहे, त्यांनी त्याची पूर्ण झेरॉक्स, इंग्रजीतली पानंसुद्धा, पुढच्या इलाका बैठकीला घेऊन यावी. ज्यांच्याकडून आधीच कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सह्या घेतल्या आहेत त्यांनी तर नक्की यावं, त्याबद्दल कोणी बोल लावणार नाही. प्रत्येक गावातून दोन वाचणारी पोरं, त्यात एक मुलगी, सोबत आणा. मोबाइल चार्ज करून आणा, बैठकीच्या ठिकाणी लाइटचा भरवसा नाही. पहिल्या दिवशी कागद मराठीत आणि गोंडीत वाचू, दुसऱ्या दिवशी कंपन्यांचे अहवाल उघडून बसू. तोवर एजंटाला एवढंच सांगा, ग्रामसभा अभ्यास करते आहे.